वजनाबद्दल माफ करा, मंडळी

घाटकोपर पूर्व, १७ जानेवारी

इंगोले यांस,

नमस्कार वगैरे लिहीत नाही, राग आहे म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी भांडणार आणि आमच्या घरात भिंती पातळ आहेत. तुम्ही वाशीमला लेकीकडे, सपनाकडे राहायला गेलात हे मला रत्नप्रभाताईंकडून कळलं. पत्ताही त्यांनीच दिला, तोंडावर हात ठेवून हसत हसत.

काम एवढंच आहे. त्या इटालियन सिनेमाचे शेवटचे कागद तुमच्या पिशवीत गेलेत, ते पाठवा. रत्नप्रभाताई आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्ष आहेत तोवर त्यांचं ऐकावं लागणार, आणि त्यांचा हुकूम आहे की फेब्रुवारीतल्या चौथ्या रविवारी तो सिनेमा पुन्हा लावायचा, या वेळी शेवटापर्यंत. लोक अडून बसलेत. तो माणूस मरतो की जगतो हे कळल्याशिवाय त्यांना चैन नाही. आणि तुम्ही नाही म्हणून पुरुषांचे आवाजही मीच काढायचे. आहे की नाही झकास?

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर येड्यात काढतील. सिनेमाच्या खाली इंग्रजी अक्षरं पळतात, आपल्यातल्या अर्ध्यांना मोतीबिंदू, उरलेल्यांना इंग्रजीचा कंटाळा. म्हणून तुम्ही घरी बसून सगळे संवाद मराठीत लिहून काढायचे आणि पडद्याच्या बाजूला दोन खुर्च्या टाकून आपण ते माईकवर बोलायचे. पुरुष तुम्ही, बायका आणि पोरं मी. बुधवारी दुपारी बागेमागच्या खोलीत तालीम. इतकी वर्षं नीट चाललं होतं. कागदावरचं तेवढंच बोलायचं, हा नियम कुणी केला होता? तुम्हीच ना?

मग त्या दिवशी काय भूत शिरलं होतं अंगात? तो माणूस अंथरुणात पडलाय, शेजारची विधवा त्याला विचारते, "तुमची काही इच्छा राहिली आहे का?" तो तिच्याकडे बघतो. बघतच बसतो. कागदावर त्याचं वाक्य होतं, "आणखी एक अंडं मिळालं तर बरं होईल." तुम्ही कागद मांडीवर ठेवलात आणि माईकमध्ये म्हणालात, "प्रेमाबाई, राहिलेले दिवस तुमच्याबरोबर काढावेत असं वाटतं. विचार करून सांगा."

आणि मी काय केलं? सवयीने माझं पुढचं वाक्य वाचलं. "थांबा, आत्ता उकडायला ठेवते."

लोकांची हसून पुरेवाट झाली. एकाची कवळी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून निघाले, तुम्ही माझ्यामागून आलात, आणि तो बिचारा पडद्यावर इटालियनमध्ये एकटाच बोलत राहिला. शेवटी रत्नप्रभाताईंनी मशीन बंद केलं.

कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. आता खालचा इस्त्रीवाला विचारतो, "काकी, अंडं उकडलं का?" सर्वेशनेही बघितलं. माझा मुलगा कसा आहे तुम्हाला माहीत आहे, तो ओरडत नाही. ताटातली भाजी चिवडत बसला. दोन दिवसांनी म्हणाला, "आई, थोडे दिवस गावी जाऊन येतेस का?" मी म्हटलं, बरं.

तुमच्या प्रश्नाबद्दल या पत्रात काही नाही. शोधू नका. कागद पाठवा.

प्रेमा परब


घाटकोपर, ४ फेब्रुवारी

इंगोले,

कागद मिळाले. सोबत चिठ्ठी नाही. बरंच केलंत असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर पाकीट मी दोनदा उलटं करून झटकलं.

दुपारी सर्वेश आणि सूनबाई दिशा कामावर असतात. जेवण झालं, भांडी झाली, की दिशाचा टॅब भिंतीला टेकवून मी तो सिनेमा लावते. पुरुषांची वाक्यं आता माझ्या गळ्यात आलीत म्हणून पहिल्यांदाच त्या माणसाकडे नीट बघितलं. आधी मी फक्त माझ्या विधवेकडे बघायची, तिचे ओठ कधी मिटतात आणि माझं वाक्य कधी संपतं, एवढंच. इतकं मोठं काम त्या नटाने केलंय आणि मी त्याच्या शेजारी बसून कधी बघितलंच नव्हतं.

दिसायला काही नाही हो त्याच्यात. नाक मोठं, खांदे पडलेले. रेशनच्या रांगेत उभा केला तर मागचा त्याच्या पुढे सहज घुसेल. डोंगरातल्या गावात कारकून, लग्न नाही, भावाच्या घरी एका खोलीत राहतो. घरात त्याला कोण विचारत नाही. मग डॉक्टर सांगतो की तुझे दोनच महिने राहिले. लगेच वहिनी ऊन ऊन सूप आणते. भाऊ पायाशी बसतो. शेजारची विधवा रोज येऊन पेपर वाचून दाखवते. तो सूप पिताना कसा पितो बघितलंत? चमचा तोंडाशी नेतो आणि वर बघतो, कुणी परत मागणार तर नाही ना म्हणून. एवढ्याशा गोष्टीत त्याने आख्खं आयुष्य सांगितलं. मी तिथे थांबवून पुन्हा लावलं.

आणि डॉक्टर परत येतो ती जागा. माफ करा, एक्स-रे दुसऱ्याचा होता, तुम्ही ठणठणीत आहात. दुसरा कुठलाही नट इथे उड्या मारेल नाहीतर रडेल. याचा चेहरा हळूच उतरतो. एखाद्या पोराला पाहुण्यांसमोर सांगावं की बाळा, हा लाडू तुझा नव्हता, तसा. मग डॉक्टरची बाही धरून हळू आवाजात म्हणतो, "आज सांगू नका. त्यांनी सूप केलंय." तुम्ही हे वाक्य किती छान बोलायचात. मला जमत नाही. मी बोलले की ते विनोदी होतं, आणि ते नुसतं विनोदी नाहीये.

पुढे तो आरशासमोर खोकला बसवतो. वहिनीसाठी वेगळा, भावासाठी वेगळा, पाद्री येतो तेव्हा मोठा. हसू येतंच. पण विधवा आली की त्याला खोकता येत नाही, विसरतो. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? कागदावर यातलं काही नाही, तिथे तो बोलतच नाही.

दोन महिने होऊन जातात. तो काही मरत नाही. लोक थकतात. कुणी वाकडं बोलत नाही, इथेच तर गंमत आहे. भाऊ त्याची खोली भाड्याने द्यायचं कबूल करून बसलाय. अंत्ययात्रेत वाजवणाऱ्या बँडवाल्यांनी दुसऱ्या गावची सुपारी सोडली आहे. पण सगळे आत येऊन प्रेमाने विचारतात, आज कसं वाटतंय? आणि तो सगळ्यांचं मन राखायला म्हणतो, "कालच्यापेक्षा जरा वाईट, धन्यवाद."

आता घरचं. सर्वेशने तिकीट काढलं. कणकवलीची बस, सिनेमाच्याच दिवशी संध्याकाळी आठची. म्हणाला, "शिमग्यापर्यंत राहा, पुढे बघू. तिथलं घर उघडं राहील, तुलाही मोकळं वाटेल." पुढे बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही. दिशाने माझ्यासाठी नवी बॅग आणली, चाकांची. मी म्हटलं, छान आहे हो, कशाला खर्च केलास. रात्रीच्या पोळ्या लाटताना एकदम हात गळून गेले. आजारी नाही मी, काळजी करू नका. दमलेय. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी बरं म्हणतेय. सासूला बरं, आमच्या ह्यांना बरं, गिरणी बंद पडून हे वॉचमन झाले तेव्हाही बरं. ह्यांना जाऊनही आता किती वर्षं झाली, पण माझं बरं काही थांबलं नाही.

हे तुम्हाला का लिहितेय कळत नाही. कागद मिळाले एवढंच कळवायचं होतं.

प्रेमा परब


घाटकोपर, १५ फेब्रुवारी

शिवदासराव,

तुमचं पत्र आलं. तीन पानं. दोन पानं सिनेमावर आणि एक पान माफीवर. माफीचं पान मी बाजूला ठेवलं, आधी सिनेमाचं बोलू.

तुम्ही लिहिता की तो माणूस भित्रा आहे. शेवटी खिडकीतून खाली बघतो, थंडीत बँडवाले उभे आहेत, तो म्हातारा ढोलवाला बोटांवर फुंकर घालतोय, आणि हा कोट घालून खाली उतरतो आणि स्वतःच्या पायाने शवपेटीत जाऊन झोपतो. टायसुद्धा सरळ करतो. तुमचं म्हणणं, नटाने इतकं हसवलं की आपण एका भित्र्यावर माया करायला लागतो, आणि ही त्याची करामत.

मला नाही पटत. भिणारा माणूस पळून जातो. हा भिडस्त आहे. लोक ताटकळलेत, त्यांचा खोळंबा नको, एवढंच त्याच्या डोक्यात. तुम्ही पुरुषमाणूस, नोकरी रिफायनरीतली, युनियनमध्ये भांडलेले, तुम्हाला ही भीड काय असते ते कळायचं नाही. पाहुणे दारात असताना ताप लपवून पुरणपोळ्या केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती तुम्हाला त्या माणसाचा जिना उतरण्याचा शॉट समजावून सांगेल. तो प्रत्येक पायरीवर जरा थांबतो. कुणीतरी "अरे, कुठे निघालास?" म्हणेल म्हणून थांबतो, असं मला वाटतं. कुणी म्हणत नाही. विधवा दारात आहे, हातात पेपर आहे, तीही म्हणत नाही. तिचा मला इतका राग आला की मी टॅब पालथा घातला.

आता माफीचं पान. तुम्ही लिहिलंय, "मी पुन्हा विचारणार नाही. तुम्ही गावी सुखाने जा. मुलाचं ऐका." शिवदासराव, हे वाक्य तुमचं आहे की कुणी कागदावर लिहून दिलंय? चारचौघांत माईकवर मला मागणी घालायला धजलात, आणि आता म्हणे सुखाने जा. म्हणजे तुम्हीही टाय सरळ करून झोपलात. मला संताप आलाय आणि तो मी लपवणार नाही.

गावचा फोन येऊन गेला. धाकटे दीर, जयवंत भावोजी. कुणीतरी तो व्हिडिओ कणकवलीपर्यंत पोचवला. म्हणाले, "वयनी, ह्यां काय आयकतंय मी? ह्या वयात? आणि तो कोण, आपल्यातलो तरी आसा?" आधी वय काढलं आणि मग जात काढली. मी म्हटलं, सिनेमातलं वाक्य होतं ते. फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. तुम्ही भर सभेत म्हणालात ते मी सिनेमावर ढकललं. तुमचं बोलणं मी असं पुसून टाकलं हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं.

रविवारी येऊ नका. तुम्ही समोर असलात तर मला एक अक्षर वाचता येणार नाही. बॅग भरून झाली आहे.

प्रेमा


घाटकोपर, २४ फेब्रुवारी

शिवदास,

सिनेमा झाला. सगळं सविस्तर लिहिते, मला बसून लिहायला आज वेळ आहे.

खोली गच्च भरली होती. काही जण चेंबूरहून आले, म्हणजे व्हिडिओ तिथेही पोचला असणार. रत्नप्रभाताईंनी तुमची खुर्ची तशीच ठेवली होती, मी ती उचलायला लावली. सर्वेश तिसऱ्या रांगेत बसला. तिथूनच मला बसस्टॉपवर नेणार होता, बॅग त्याच्या पायाशी. माझा हा मुलगा संघाच्या सिनेमाला पहिल्यांदा आला.

सुरुवातीला लोक खिदळत होते. मी पुरुषाचा आवाज काढला की आणखी. अंड्याची जागा आली तेव्हा सगळे श्वास रोखून बसले. मी कागदावरचं वाचलं, त्याचंही आणि तिचंही. कुणी हसलं नाही. मग हळूहळू ते मला विसरले आणि त्याच्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम आवाज बारीक ठेवला, कारण त्या नटाला माझी फार गरज नाही हे मला दुपारी एकटीने बघून कळलं होतं. "त्यांनी सूप केलंय" हे वाक्य मी जवळजवळ कुजबुजले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला.

तुम्हाला आठवतं ना शेवट कसा आहे. पेटी खांद्यावर घेऊन चौघं चढाला लागतात, बँड वाजतोय. अर्ध्यावर दमून पेटी खाली टेकवतात, घाम पुसतात. आणि आतून त्याचा आवाज येतो. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. सबंध सिनेमा ज्या चेहऱ्यावर चाललाय तो चेहराच शेवटी काढून घेतलाय, आणि तरी तो आपल्याला दिसतो. त्याचं शेवटचं वाक्य. मी वाचलं, "वजनाबद्दल माफ करा, मंडळी."

सगळे हसले. मग हसणं मध्येच बसलं. बँड पुन्हा सुरू झाला आणि सिनेमा संपला. बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. ते वाक्य समोर आलं तेव्हा मला वाटलं, कागद ठेवावा आणि माईकवर सर्वेशला सांगून टाकावं. तुम्ही केलंत तसं. पण नाही केलं. त्या माणसाने पेटीत जाईपर्यंत स्वतःचं एक वाक्य बोललं नाही, त्याच्या तोंडात माझं कशाला घालू? माझं तोंड आहे ना मला.

खोलीतून बाहेर पडलो. सर्वेशने बॅग उचलली आणि म्हणाला, "चल, रिक्षा बघतो." मी म्हटलं, "आधी घरी चल." त्याला वाटलं काही विसरलं. घरी आले, दिशा चहा टाकत होती. मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "मी गावी जात नाही. मला जायचं नव्हतं."

मग सर्वेश काय म्हणाला सांगू? म्हणाला, "अगं, मग आधी नाही का बोलायचंस? तूच म्हणतेस ना, बाबा गेल्यापासून, गावी बरं असतं, गावी बरं असतं."

"ते म्हणायचं असतं रे."

"आम्हाला काय माहीत ते म्हणायचं असतं? मला वाटलं त्या व्हिडिओने तुला खाली तोंड दाखवायची लाज वाटतेय. तुला सुटका हवी असेल म्हणून तिकीट काढलं मी. शिमग्याला सुट्टी काढून तुझ्याकडे येणार होतो."

आणि दिशा तिथे ओट्याशी उभी राहून रडायला लागली. म्हणे, "आई, तुम्ही एका फटक्यात बरं म्हणालात ना, मला वाटलं तुम्हाला आमचा कंटाळा आलाय. म्हणून मी गप्प बसले. नाहीतर मला एकटीला इथे काय सुचणार आहे?" ती बॅग तिने मला चांगली वाटावी म्हणून घेतली होती, आणि मी तिला चांगलं वाटावं म्हणून छान म्हटलं होतं. शिवदास, महिनाभर आम्ही तिघं एकमेकांचं मन राखत होतो आणि मी गावाला निघाले होते. मला हसू यायला हवं होतं. अंगात त्राण नव्हतं. मी चहा प्यायले.

बस गेली असेल तेव्हा सर्वेश माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "आणि ते इंगोले काका?"

मी म्हटलं, "त्यांचं काय?"

"ते विचारतायत म्हणून तिथेही तू भिडेखातर हो म्हणणार आहेस का?"

माझं पोर मला इतकं ओळखतं हे मला माहीत नव्हतं. मी खरोखर विचार केला. तुमचा चेहरा आठवला, बुधवारची तालीम आठवली, तुम्ही माझ्यासाठी बायकांची वाक्यं मोठ्या अक्षरात लिहायचात ते आठवलं. मग म्हटलं, "नाही रे. तिथे मी भिडेखातर गप्प बसले होते."

तो उठून आत गेला. खूश नाहीये. दोन दिवस झाले, कामापुरतं बोलतो. भावोजींना मी स्वतः फोन केला आणि सांगितलं की ते सिनेमातलं वाक्य नव्हतं, तुमचं होतं आणि माझ्यासाठी होतं. ते आता वर्षभर तरी बोलणार नाहीत. बोलू नका म्हणावं.

सपनाला हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल, तिचंही मन विचारा आणि ती बरं म्हणाली तर पुन्हा एकदा विचारा. लग्न करायचं, की जवळपास दोन खोल्या घ्यायच्या, की नुसतं बुधवारी भेटायचं, ते तुम्ही आलात की समोरासमोर बसून ठरवू. मी आता फार काही करू शकत नाही. गुडघे गेलेत, दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करणार नाही, आणि मी दमलेली आहे ती तुमच्या घरी येऊनही दमलेलीच असेन. हे बघून घ्या. पटत नसेल तर नाही लिहा, माझ्यासाठी गोड लिहू नका.

तुम्ही विचार करून सांगा म्हणाला होतात. केला. तुमचा मान राहावा म्हणून नाही, तुम्ही एकटे पडाल म्हणून नाही, मला तुम्ही हवे आहात. हो.

प्रेमा